रेत्सिडीफ, म्हणजे पुन्हा पडणे

शब्दांच्या मुळांविषयी मी लिहावं, हे खरं तर धाडसच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि जर्मन शिकायला लागून जेमतेम वर्ष झालंय. काही चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

मी सोलापुरात नर्सिंग शिकतो. पुढं जर्मनीत नोकरी मिळावी म्हणून संध्याकाळी जर्मनच्या क्लासला जातो. आई आणि वडील, म्हणजे आप्पा, गावी जेऊरला असतात. दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या गालातली कॅन्सरची गाठ काढली. यंदा माझ्या जर्मनच्या परीक्षेआधी त्याच जागी फोड आला. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. आम्ही रिपोर्टची वाट बघत होतो.

त्याच आठवड्यात जर्मनच्या बाईंनी फळ्यावर 'रेत्सिडीफ' लिहिलं. बरा झालेला आजार परत होणं. बाई म्हणाल्या, "शब्द जर्मन दिसतो, पण मूळ लॅटिन. 'रे' म्हणजे पुन्हा, 'काडेरे' म्हणजे पडणं. त्याहून मागं गेलात तर संस्कृतातला 'शद्' धातू भेटतो, गळून पडणे. ही दोन्ही एकाच जुन्या मुळाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात."

मी वहीत उतरवून घेतलं. आमच्याकडं दुखणं उलटतं. त्यांच्याकडं ते पुन्हा पडतं. पडतं ते दुखणं की माणूस, हे बाईंना विचारायचं होतं. धीर झाला नाही.

आमच्या घरात त्या आजाराचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो दार शोधत येतो, असं आई मानते. त्यामुळं रोज फोनवर मी एवढंच विचारायचो, "आलं का गं?"

"न्हाय अजून. तू जेवलास का?"

मागून आप्पांचा आवाज यायचा, "त्याला इचार, तिकडं जर्मनीत तंबाखू मिळती का?"

"गप बसा की! तोंड बघा आधी आरशात."

मी हसायचो. आज नवा शब्द कोणता शिकलो, हे मात्र त्यांना कधीच सांगितलं नाही.

परीक्षा झाली. केंद्राबाहेर येऊन फोन लावला. पेपर कसा गेला, हे आईनं दोनदा विचारलं. बरा गेला, म्हणालो.

"रिपोर्ट येऊन नऊ दिस झालं, बाळा," ती म्हणाली. "परत आलंय. पेपर होईस्तवर तुला सांगायचं न्हाय, अशी शपथ घातली हुती त्यांनी."