न्यायला आलेला माणूस

माझ्या नणंदेचा संसार का मोडला, याची कारणं लोक पुष्कळ सांगतात. सासू खाष्ट होती, नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता, पोरीचे माहेरी फार लाड झाले होते. सांगोत बापडे. लोकांच्या तोंडाला कोणी हात लावावा? पण यातली एक गोष्ट फक्त मला माहीत आहे, आणि ती मी आजवर घरात कोणाला सांगितली नाही.

आम्ही फुलसावंगीकडचे. नणंद दारव्ह्याच्या बाजूला दिली होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला ती माहेरी आली, त्या वर्षी बोंडअळीनं तिकडचा काय न् इकडचा काय, सगळाच कापूस खाल्ला होता. आमच्यात पोरगी आपल्या पायानं सासरी परत जात नाही. सासरचं मोठं माणूस तिला न्यायला येतं, येताना विहिणीला साडी आणि मिठाई आणतं. मग आपणही बोळवण करायची, म्हणजे पाहुण्याला धोतर-टोपी, पोरीला नवी साडी, सोबत लाडू-करंज्यांची शिदोरी. त्या साली तिकडं साडीचे वांधे आणि इकडं बोळवणीचे. पण तोंडानं कबूल कोण करणार? ते निरोप धाडायचे, "बापानं आणून सोडावी." आमचे सासरे म्हणायचे, "आमची पोरगी काही रस्त्यावर नाही पडली. न्यायले या." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. दोन्ही घरची गरिबी मानाच्या नावाखाली झाकून ठेवली होती.

फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला की नणंदेच्या हातातलं काम थांबायचं. मी चिडवायची, "पाय धुवायले पाणी काढा बाई, आला तुमचा राजा!" ती लाजून आत पळायची. पुढं पुढं तिचं लाजणं बंद झालं, तशी मीही चिडवायचं सोडलं.

आणि एक दिवस तो खरंच आला.

मी तेव्हा बाळंतीण होते, धाकटी वीस दिवसांची होती. बाकी सगळे उरलासुरला कापूस वेचायला वावरात गेले होते, नणंदही. दुपारी ओट्यावर कोणी तरी खाकरलं. दाराआडून पाहते तर आमचे जावई. एकटाच, धुळीनं माखलेला, हातात काही नाही.

"वहिनी, तिले न्यायले आलो," तो म्हणाला. "आईले सांगतलं नाही. कामाले जातो म्हणून निघालो घरून."

आधी मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? पण मग मागं वळून घराकडं पाहिलं. साखरेचा डबा रिकामा. पेटीत एक नवी साडी नाही. संध्याकाळी सासूबाई येतील आणि जावयापुढं गुळाचा चहा ठेवायची पाळी येईल. लाजेनं मेल्यासारखं झालं, आणि माझी लाज नेहमी रागाच्या तोंडानं बाहेर पडते.

"एकटेच आले? संग मोठं माणूस नाही, काही नाही? आमची पोरगी काय बाजारातली मेथीची जुडी हाय, उचलली न् पिशवीत टाकली?"

"संध्याकाळवरी थांबतो. ती आली का तिलेच इचारा."

"तिले काय इचारायचं? मोठ्या माणसाले घेऊन या, मंग बोलू."

त्यानं रांजणातलं तांब्याभर पाणी घेतलं, उभ्यानंच प्यायला. "मले पुन्हा येनं जमनार नाही, वहिनी. तिले येवढं सांगजा, मी आलतो." आणि तो गेला. मी थांबवलं नाही.

संध्याकाळी नणंद आली. रोजच्यासारखं विचारलं, "कोनी आलतं काय?"

"कोन येते बाप्पा," मी म्हटलं.

वाटलं, आठ दिवसांत घरच्या कुणा मोठ्या माणसाला घेऊन येईलच, मग आपसूक सगळं निभावून जाईल. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. जितका उशीर होत गेला तितकं सांगणं जड होत गेलं. मग तिकडं बोलू लागले की पोरीला नांदायचंच नाही. इकडं गावानं ठरवून टाकलं की नवऱ्यानं पोरीला टाकलं. त्याच्यासाठी दुसरी पोरगी पाहतात, असंही कानावर आलं.

दोन वर्षांनी दारव्ह्याला वकिलाकडे फारकतीचा कागद झाला. सोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून मला नेलं. तो समोरच्या बाकावर बसला होता, पार वाळून गेला होता. वकिलानं कागद वाचला, बोटानं सहीची जागा दाखवली. तेव्हा नणंद पहिल्यांदा बोलली, थेट त्याच्याशी.

"येक सांगा. येक डाव तरी न्यायले काहून नाही आले?"

"आलतो."

"कवा?"

"वेचाईच्या दिवसात. दुपारचा."

"मंग कोन भेटलं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. शेजारी माझे सासरे बसलेले. आता हा माझं नाव घेणार, आणि घेतलंच पाहिजे होतं त्यानं. पण त्यानं मान खाली घातली.

"कोनी नोतं," तो म्हणाला. "कुलूप होतं."

नणंद हसली. तसं हसणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं.

"कुलूप? अवो, माही वहिनी बाळंतीण होती तवा! सवा महिना उंबऱ्याबाहेर पाय नाही टाकला तिनं. जाता जाता तरी खोटं कायले बोलता?" मग माझ्याकडं वळली. "सांग ना वहिनी, घरीच होती ना तू?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. तोही.

"हो," मी म्हटलं. "घरीच होती."

याच्या पुढचं वाक्य मी बोलले नाही. तिनं वकिलाच्या हातातला पेन ओढून घेतला आणि सही केली.