मागचे बाक

पाटोद्याच्या किराणा दुकानदाराचा मुलगा सिद्धाराम विद्यापीठातून संगीतात एम.ए. झाला, तेव्हा त्याला एकेक राग तासभर मांडता येत होता. वर्गभर पोरांना एक साधं गाणं कसं शिकवायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. विभागप्रमुख सुंदरराव म्हणायचे, आपण इथे गवई घडवतो. चुकणाऱ्याला ते सगळ्यांदेखत तीच ओळ एकट्याने म्हणायला लावत, रडू येईपर्यंत. सिद्धाराम दोनदा रडला होता.

शहाण्णव साली बीडच्या एका खासगी शाळेत त्याला नोकरी लागली. पहिल्याच तासाला त्याने डोळे मिटून आलाप घेतला आणि वर्ग फिदीफिदी हसला. मागून कुणीतरी शेळीचा आवाज काढला. रोज हेच व्हायला लागलं. शेवटी त्याने एकेकाला उभं करून ‘सा’ लावायला सांगितला. ज्यांचा लागला नाही ते मागच्या बाकांवर गेले. तिथल्यांनी तोंड उघडायचं नाही, असा नियम झाला. वर्ग गप्प झाला. पुढच्या बाकांवरची पोरं समूहगीत स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आली, मुख्याध्यापकांनी त्याला हार घातला.

मागे फरजाना बसायची, बसस्टँडजवळच्या फिटर चाँदभाईंची मुलगी. एकदा तिला राहवलं नाही, तिने समूहगीतात आवाज मिसळला. सिद्धारामने गाणं थांबवलं आणि तिला पुढे बोलावून ती ओळ एकटीने म्हणायला लावली. परत. पुन्हा परत. पोरं पोट धरून हसली. तोही हसला.

दिवाळीनंतर तिची आई रहेमतबी शाळेत आली.

“मास्तर, धाकट्याला ही गाऊन निजवायची. आता घरात बोलतबी न्हाई. कावून असं केलं तुमी? एकदा गा म्हणा तिला, बस.”

त्याने फरजानाला बोलावलं, हळू आवाजात गा म्हणाला. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. तो पुरे म्हणेपर्यंत ती तशीच ओठ हलवत राहिली. महिन्याभरात घरच्यांनी तिचं नाव शाळेतून काढलं.

त्याच हिवाळ्यात विद्यापीठात अभ्यासक्रम बदलण्याची बैठक होती, माजी विद्यार्थ्यांनाही बोलावलं होतं. सिद्धाराम गेला. आपली बहुतेक मुलं शेवटी शाळेत मास्तरच होतात, असं तो म्हणाला. त्यांना शिकतानाच शाळांमध्ये पाठवा, ज्याला सूर लागत नाही त्याला गातं कसं करायचं ते शिकवा. आपण स्वतः एका पोरीचा आवाज कसा घालवला, तेही त्याने सांगितलं.

सुंदररावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विद्यार्थ्यांना आत बोलावून सिद्धारामला गायला सांगितलं. दुसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला.

“ऐकलंत? रियाज सुटला की माणूस असल्या सूचना करतो.”

पोरं हसली. नव्या अभ्यासक्रमात दोन राग वाढले.

परत आल्यावर सिद्धारामने मागचे बाक रिकामे केले आणि सगळ्यांना एकत्र गायला लावलं. त्या वर्षी शाळा स्पर्धेत शेवटची आली. पालक तसेही कॉम्प्युटर मागत होते. जूनमध्ये संगीताची खोली रंगवली, एसी बसवला, कॉम्प्युटर आले, पेटी अडगळीत गेली. सिद्धारामला काढलं नाही. आत धूळ जाऊ नये म्हणून पोरांच्या चपला ओळीत लावून घ्यायचं काम त्याच्याकडे आलं, आणि तो ते मुकाट्याने करायचा.