चार नंबरचं बोट

पियानोमास्तरांनी आयुष्यभर मोठमोठ्या वाद्यवृंदांच्या रचना, दोघांनी एका पियानोवर बसून वाजवाव्यात, अशा बेतून लिहिल्या. विद्यार्थी त्यांना टरकून असत. ताल चुकला की मास्तर पेन्सिल फेकून मारत. दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र निवृत्तीनंतर शिकायला आलेल्या, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या.

एक दिवस बाईंनी मास्तरांनीच गेल्या आठवड्यात लिहिलेला कागद त्यांच्यापुढे धरला. "सुरांवर तुम्ही बोटांचे आकडे लिहिता. अंगठा एक, करंगळी पाच. पण माझ्या डाव्या हाताला चार नंबर कुठेच नाही. त्या बोटानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"धाकट्या बहिणीचं ते बोट वाकत नाही," मास्तर गुरगुरले. "लहानपणी पियानोचं झाकण पडलं त्यावर. पडलं कसलं, मीच आपटलं, रागात. तुमच्या जागी तीच बसायची."

"आता नाही येत?"

"बारा वर्षं झाली. एवढ्याशा गोष्टीवरून मी तोंड सोडलं. ती उठून गेली, ती गेलीच."

"मग आता तरी चार लिहा की! माझी करंगळी मेटाकुटीला आलीय."

मास्तरांनी खोडरबर घेतलं. पाच खोडून चार लिहिला आणि त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसले. मग तोही खोडला आणि पुन्हा पाच लिहिला.

"आणि ती आली तर?" ते म्हणाले. "तिनं वाजवायचं काय?"