मावशी विम्यात बसत नाही

बाळांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, की आजोबांच्या नॉर्वेच्या फोटोंमध्ये आजी एकाही फोटोत कशी नाही. "आजी फोटो काढत होती का?" नाही. आजी त्या बोटीवर नव्हतीच. त्याचं कारण तुमच्या बाबांना अर्धवट माहीत आहे आणि आजोबा ते विनोद करून सांगतात. म्हणून मीच नीट लिहून पाठवते.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हाची ही गोष्ट. आजोबा कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलमधून निवृत्त झाले होते आणि आम्ही लंडनजवळ स्टॅनमोरला राहायला आलो होतो. तुमच्या बाबांनी आणि आत्याने मिळून आम्हाला नॉर्वेच्या क्रूझची भेट दिली. साउदॅम्प्टनहून निघायचं, डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्रात फिरायचं आणि परत यायचं. दोघांनी ही गोष्ट आमच्यापासून कित्येक महिने लपवून ठेवली होती. लग्नाच्या वाढदिवशी पाकीट उघडलं तर आत बुकिंगचे कागद! आजोबा लहान मुलासारखे खूश झाले. मीही झाले. पण कागद परत पाकिटात घालताना मला आठवण आली ती सांगलीची.

सांगलीला माझी मावशी होती. माझी आई मी अगदी लहान असताना गेली. 'थोडे दिवस' म्हणून मला मावशीकडे ठेवलं, ते थोडे दिवस माझं लग्न होईपर्यंत चालले. मावशीला मूलबाळ नव्हतं. मला इंग्रजी शाळेत तिनेच घातलं, पोरगी हाताबाहेर जाईल असं सगळी गल्ली सांगत असताना. आता ती पंच्याऐंशीच्या पुढे होती, हृदय कमजोर झालं होतं, आणि त्या वर्षात दोनदा दवाखान्यात राहून आली होती. दिवसरात्र सोबतीला एक बाई ठेवली होती. मी तिला शब्द दिला होता, की तू बोलावशील तेव्हा हातातलं काम टाकून येईन.

आता बघा, माझी अडचण काय होती. ऐन वेळी सांगलीहून फोन आला तर सहल रद्द करावी लागणार. सहल रद्द केली तर मुलांचे कष्टाचे पैसे पाण्यात. मी कितीही म्हटलं की मावशीपुढे पैसे काय, तरी मला माझा स्वभाव माहीत आहे. मुलांच्या पैशांचा विचार करत मी एक दिवस जरी घुटमळले असते आणि त्याच दिवशी तिचं काही झालं असतं, तर? मला तो एक दिवस नको होता. त्यासाठी हवा होता विमा.

ट्रॅव्हल एजंटने हसतमुखाने एक पुस्तिका हातात दिली. "यात सगळं कव्हर आहे, मॅडम." मी आयुष्यभर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काम केलं. 'सगळं' या शब्दावर माझा विश्वास नाही. घरी येऊन चहा केला आणि पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण किंवा मृत्यू, असं कारण असेल तर पैसे परत. छान. पण जवळचा नातेवाईक म्हणजे कोण? त्याची व्याख्या मागच्या पानावर बारीक अक्षरात होती. नवरा, बायको, आईवडील, सासूसासरे, मुलं, सावत्र मुलं, भाऊ, बहीण, आजीआजोबा, नातवंडं आणि ज्याच्याशी लग्न ठरलं आहे तो. मावशी नाही.

मी यादी पुन्हा वाचली. कालपरवा साखरपुडा झालेला मुलगा चालतो, आणि जिने मला न्हाऊमाखू घातलं ती चालत नाही!

फोन लावला. बराच वेळ संगीत वाजत राहिलं, मधूनच 'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं एक यंत्र सांगत होतं. शेवटी एक मुलगी आली. आवाजावरून इंग्लंडच्या उत्तरेकडची वाटली. गोड होती, पण मला प्रत्येक वाक्याला 'लव्ह' म्हणत होती.

"सॉरी लव्ह, आंटी लिस्टमध्ये नाहीत."

"तिनेच मला वाढवलं आहे."

"म्हणजे त्या तुमच्या लीगल गार्डियन होत्या का? गार्डियन चालतात. फक्त कोर्टाचा कागद लागेल."

आता तिला काय सांगू? आमच्याकडे आई गेलेलं मूल मावशीच्या ओटीत घालतात, कोर्टात जात नाहीत. माझ्या वडिलांनी माझे कपडे एका पिशवीत भरले आणि मला टांग्यातून मावशीच्या दारात उतरवलं, एवढीच माझी कागदपत्रं.

"तसा कागद नाही," मी म्हटलं.

"ओह, दॅट्स अ शेम, लव्ह."

संध्याकाळी आजोबांसमोर मी पुस्तिका आपटली. म्हटलं, "अहो, या लोकांना मावशी म्हणजे काय ते कळतच नाही!"

आजोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आपल्या लोकांना तरी कुठे कळतं? पंचांगात बघ. मावशीचं सुतक लग्न झालेल्या मुलीला जवळजवळ नाहीच. आणि माझ्या ज्या चुलत चुलत्याला तू उभ्या जन्मात पाहिलं नाहीस, त्याचं दहा दिवस."

मी जाऊन पंचांग पाहिलं. त्यांचं खरं होतं. त्याचा मला जास्तच राग आला. इंग्रजांची यादी आणि आमची यादी, दोन्हींत मावशी बाहेर.

"मग तुम्ही माझ्या बाजूचे की त्यांच्या?"

"मी बोटीच्या बाजूचा," आजोबा म्हणाले.

मग अमेरिकेतल्या माझ्या एका मैत्रिणीने सांगितलं, की तिकडे वेगळाच विमा मिळतो. कोणत्याही कारणासाठी सहल रद्द करा, कारण विचारत नाहीत, बरेचसे पैसे परत. इथे असं काही मिळत नाही असं दोन कंपन्यांनी सांगितलं. तिसऱ्या कंपनीने सांगितलं, मिळतं. महाग होतं. पण मला कोणाला मावशी समजावून सांगायची नव्हती, म्हणून मी तयार होते.

फोनवरचा तरुण अतिशय अदबशीर होता. मी विचारलं, "कोणतंही कारण म्हणजे खरंच कोणतंही?"

"अ‍ॅब्सोल्यूटली कोणतंही. सकाळी उठून जावंसं वाटलं नाही, तरीसुद्धा."

मला त्याला पेढा द्यावासा वाटला. नाव, पत्ता, जन्मतारीख, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं मी व्यवस्थित सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, "बुकिंगचा पहिला हप्ता कधी भरला होता?"

ते मला कुठे ठाऊक होतं? मी लगेच मेलबर्नला तुमच्या बाबांना फोन केला.

"ते पैसे तर आम्ही फेब्रुवारीतच भरले, आई. लवकर भरले म्हणून अर्ली बर्डमध्ये स्वस्त पडलं."

"मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"अगं, सरप्राइज होतं ना!"

मी परत त्या तरुणाला फोन केला आणि फेब्रुवारी सांगितलं. त्याने कीबोर्डवर काहीतरी टकटक केलं. मग म्हणाला, की हा विमा पहिला हप्ता भरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत घ्यावा लागतो.

"पण तेव्हा मला सहलीचा पत्ताच नव्हता."

"मी समजू शकतो, मॅडम."

"जी सहल आपल्याला मिळणार आहे हे माहीतच नाही, तिचा विमा माणूस कसा उतरवणार?"

"तो पैसे भरणाऱ्याने उतरवायला हवा होता."

"पैसे भरणारे ऑस्ट्रेलियात राहतात."

"मग त्यांना आमचा विमा घेता आला नसता. तो फक्त यूकेच्या रहिवाशांसाठी आहे."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा आपटला. तुमच्या बाबांना पुन्हा फोन केला आणि विनाकारण बोलले. परक्या लोकांसारखी सरप्राइजं करायला कोणी सांगितलं होतं, आपल्यात चार महिने आधी सगळ्या गावाला सांगून मग भेट देतात, असं काहीबाही. तो बिचारा ऐकून घेत होता. तिकडे रात्र झाली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग मी सांगलीला फोन केला. खरं तर नुसती तब्येत विचारायला. पण मावशीने आवाजावरून ओळखलं.

"काय झालं गं? नवऱ्याशी भांडलीस?"

मी सगळं सांगितलं. यादी, कोर्टाचा कागद, फेब्रुवारी. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

"म्हणजे मी कधी मरणार ते ठरत नाही म्हणून तुझं अडलंय होय?"

"मावशी, असं काय बोलतेस!"

"मग काय बोलू? जा की बोटीतून. मी मेले तर तू येऊन काय करणार? तोंड बघणार. मेलेल्याचं काय बघायचं असतं? तेव्हा मी काही तुझ्याशी बोलणार नाही."

मग तिने सोबतीच्या बाईला ओरडून दूध उतू जातंय म्हणून सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. इतके दिवस मी एवढ्या पुस्तिका वाचल्या, आणि प्रत्येकीत आजारपण गंभीर झालं तर, मृत्यू झाला तर, असंच होतं. माणूस जिवंत आहे, दूध उतू जातंय म्हणून ओरडतंय, तेव्हा त्याच्याकडे जाण्यासाठी कोणी पैसे देत नाही. आणि मीसुद्धा नेमकी तशाच फोनची वाट बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी क्रूझ कंपनीला फोन करून माझं नाव काढायला सांगितलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "रद्द करण्याचं कारण? कुटुंबात कोणी आजारी आहे का?"

"माझी मावशी बरी आहे," मी म्हटलं.

"सॉरी?"

"शी इज वेल. म्हणून मी तिच्याकडे जाते आहे."

बाई म्हणाल्या, "मी 'वैयक्तिक कारण' लिहिते हं. यात काहीच परत मिळणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना?" मला माहीत होतं. इतकं पक्कं की मी ते त्यांना कलमासकट सांगू शकले असते.

मला वाटलं होतं, आजोबाही माझ्याबरोबर येतील. ते म्हणाले, "दोघांचे पैसे कशाला बुडवायचे?" आणि गेले एकटेच. दोघांच्या केबिनमध्ये ऐसपैस झोपले, दोघांच्या टेबलावर बसून जेवले. मला त्याचा किती राग आला ते लिहीत नाही, कारण हे पत्र तेही वाचतील. एवढंच सांगते, की साउदॅम्प्टनला निघताना मी त्यांची बॅग भरून दिली नाही.

मावशी त्यानंतरच्या वर्षी गेली, रात्री झोपेत. मला फोन आला तोवर सगळं आटोपलं होतं. कोणत्याही विमानाने मी पोचले नसते.

पण त्या उन्हाळ्यात मी तीन आठवडे सांगलीला होते. पहिल्या दिवशी तिने मला पाटावर बसवून खूप रागावून घेतलं, की मुलांनी एवढी हौसेने भेट दिली आणि तू लाथाडलीस. मग म्हणाली, आता आलीच आहेस तर भाकऱ्या कर, या बाईच्या जाड होतात. इतकी वर्षं इंग्लंडात काढून माझा हात गेला होता. पहिली तुटली, दुसरी तव्यावर चिकटली. तेवढ्यात तुमच्या बाबांचा फोन आला.

"आई, पैसे जाऊ देत. मावशीआजी कशी आहे?"

"मला भाकरी येत नाही म्हणून ओरडते आहे."

"कोणाशी बोलतेस?" मागून मावशी म्हणाली. "पोराशी? त्याला म्हणावं, तुझ्या आईला इंग्रजी शाळेत घातली तिथेच माझं चुकलं. आणि फोन ठेव आधी, ती तिसरी करपतेय."