लाईट गेल्यावरचा प्लग

चामोर्शीच्या आमच्या घरी फळ्यांच्या कडा गोल करायला एक सुतार मिस्त्री येत. लाईट गेली की ते राऊटरचा, म्हणजे कडा कापायच्या मशीनचा, प्लग काढून मांडीखाली दाबत आणि मगच त्याचं पातं बदलत.

"लाईटच नाही, तर प्लग काऊन काढता भाऊ?" मी चिडवायची.

"गेली ते दिसून राह्यलं बाई. पण यायच्या आधी सांगते का ते?"

एकदा चटणी वाटताना लाईट गेली. मी झाकण काढून मिक्सरच्या पात्यात अडकलेली मिरची बोटांनी सोडवू लागले. मिस्त्री न विचारता स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी मिक्सरचा प्लग उपटला. हा आगाऊपणा मला मुळीच आवडला नाही. सुनावायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात वरचा पंखा फिरू लागला.

मी आधी तोंड मिटलं, मग भांड्यातून हात काढला.