नुसतं ‘मी’ म्हणून

गावोगावच्या टाक्यांतलं पाणी मोजणारी यंत्रं आमच्या ऑफिसातल्या मुख्य मशीनला जोडायची, हे माझं काम. काल एक नवं यंत्र जोडलं आणि त्याचा पिवळा दिवा कितीतरी वेळ लुकलुकत राहिला. मशीन त्याला विचारत होतं, कोण? नुसतं नाव सांगून भागत नाही. नाव काय, कुणीही सांगेल. फक्त त्या दोघांनाच ठाऊक असलेली खूण पटली, तरच दिवा हिरवा होतो. एखादा तोतया आत शिरला, तर टाक्या भरलेल्या दिसतील आणि गाव कोरडं राहील. दिवा हिरवा होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

आणि घरी आपण किती बेफिकीर! कोण? मी. की उघडलं दार. हल्ली आवाजाचीही नक्कल होते, म्हणून मीच बाबांना बजावलं होतं, नुसत्या ‘मी’वर कडी काढायची नाही.

संध्याकाळी घरी येऊन दार वाजवलं.

“कोण?”

“मी.”

“मी कोण? तुझी आई चहात काय घालायची, सांग.”

आलं? वेलची? गवती चहा? आई होती तोवर तिच्या हातचा चहा रोज प्यायलो, मोबाईल बघत. त्या पिवळ्या दिव्यासारखा मी दाराबाहेर उभा.

“नाही आठवत, बाबा.”

आतून कडी निघाली.

“म्हणजे तूच,” बाबा म्हणाले.