मॅटाडोरच्या टपावरचं ऊन

काशीराम मूळचा गिरणीतला इलेक्ट्रिशियन. संपात गिरणी गेली आणि साकीनाक्याला शिवदासच्या गॅरेजात तो पत्रे उचलायला लागला. वायरिंगमध्ये त्याने तोंड घातलं की शिवदास सगळ्यांदेखत म्हणायचा, "गिरणीवाल्या, तू पत्रे बघ." अहो, माणसाची नोकरी जाते, हातातलं कसब थोडंच जातं? पण शिवदासला हे सांगणार कोण!

१९८६ साली मुलुंडचे श्यामकांत आपली मॅटाडोर व्हॅन घेऊन आले. नुकतेच रिटायर झालेले. मॅटाडोरमध्येच झोपायचं, रांधायचं आणि बायकोला, वसुधाबाईंना, देश दाखवायचा असा बेत. आतल्या दिव्यापंख्याची बॅटरी उन्हावर चार्ज करायची म्हणून टपावर बसवायला दोन सोलर प्लेटा आणलेल्या. गॅरेजच्या इलेक्ट्रिशियनने हात वर केले. काशीराम म्हणाला, "मी जोडतो."

शिवदास हसला. "जमलं तर इथल्या सगळ्या गाड्यांचं वायरिंग तुझं. नाही जमलं तर पुन्हा वायरीला हात लावायचा नाही."

काशीरामने आठ दिवस खपून काम केलं. रात्री बॅटरीतली वीज उलटी प्लेटांत जाऊ नये म्हणून मध्ये डायोडसुद्धा टाकला. दसऱ्याला सकाळी अकराला चाचणी ठरली. ऊन कडकडीत. काशीरामने स्विच दाबला. मीटरचा काटा ढिम्म हलेना.

"लागली वाट," शिवदास म्हणाला.

काशीरामने फ्यूज बघितला, जोड बघितले, डायोड उलटा नाही ना तेही बघितलं. सगळं चोख. शेवटी शिडी लावून टपावर चढला आणि त्याने कपाळावर हात मारला. सकाळी त्याच्या बायकोने, जानकीने, हत्यारांची पूजा केली होती. नवऱ्याचं यंदाचं मोठं हत्यार हेच, म्हणून तिने दोन्ही प्लेटांवर झेंडूचे जाडजूड हार आडवे घातले होते. हाराखाली प्लेटेतल्या वीज बनवणाऱ्या चार-पाच निळ्या चकत्या झाकलेल्या. एवढ्याने काय होतंय, असं कोणालाही वाटेल. पण गिरणीच्या गणपतीला दरवर्षी दिव्यांच्या माळा काशीरामच जोडायचा. एक दिवा गेला की आख्खी माळ गप्प. चकत्याही तशाच एकीमागे एक जोडलेल्या.

त्याने हाराला हात घातला तसा शिवदास खालून ओरडला, "दसऱ्याची पूजा मोडतोस? गाडीला काही झालं म्हणजे?"

काशीरामचा हात थबकला. खाली उभी असलेली जानकी मात्र शांतपणे म्हणाली, "सूर्य पण देवच नाय काय? मगे तेच्या वाटेत हार कित्याक? काढा."

हार निघाले. गाडीत मीटरपाशी बसलेले श्यामकांत मोजायला लागले, "एक... दोन... तीन... अरे, चारला गेला काटा!"

काशीराम टपावरच बसला आणि रडला. लाज बाळगायचं काही कारणच नव्हतं.

तेवढ्यात हॉर्न बंद पडलेला एक टेम्पो आत शिरला. वायरिंग कोण बघतं, असं ड्रायव्हरने विचारलं. शिवदासने क्षणभर मान खाजवली आणि वर बोट दाखवलं.

"जरा थांबा. आमचे काशीरामभाऊ उतरतायत."